स्टिक सीटला टेकते म्हणून स्टॉप हलवायचा का? होमबिल्ट विमानाच्या एलिव्हेटरचं रिगिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन आसनी होमबिल्ट (घरी बांधलेलं) विमान, एलिव्हेटरचं (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या फळीचं) कंट्रोल पूर्णपणे पुशरॉडचं, म्हणजे केबलऐवजी ढकल-ओढ करणाऱ्या दांड्यांचं. ड्रॉइंगप्रमाणे एलिव्हेटर वर २८ अंश जायला हवा, पण स्टिक मागे ओढली की २२ अंशांवरच तिचा दांडा सीटच्या पुढच्या कडेला टेकतो. पॅनेलच्या बाजूला मात्र भरपूर जागा उरते. एलिव्हेटर सरळ असताना स्टिक किंचित मागे कललेली दिसते. मग वरचा स्टॉप (एलिव्हेटरला ठरावीक कोनावर अडवणारा अडथळा) २२ अंशांवर आणून ठेवावा, स्टिक कापून आखूड करावी, की रॉड फिरवावा, म्हणजे त्याच्या टोकाचा आटा फिरवून लांबी बदलावी?

रॉड फिरवा. स्टॉपला हात लावू नका. स्टिक वरून कापून उपयोगच नाही, कारण दांडा टेकतो तो खाली, सीटच्या कडेला. पण रॉड फिरवण्याआधी सगळं मोजमाप एकदा शेपटीकडून सुरू करून पुढे आणा. पिच कंट्रोल बसवताना क्रम हाच असतो: आधी एलिव्हेटरची सरळ स्थिती, मग त्याचे दोन्ही स्टॉप, मग मधला बेलक्रँक (एका रॉडची हालचाल दुसऱ्या रॉडकडे पोहोचवणारा फिरता हात) आणि सर्वांत शेवटी स्टिक. कॉकपिटमध्ये बसून स्टिक छान उभी करायची आणि मग मागे जाऊन एलिव्हेटर कुठे आला ते पाहायचं, असं केलं की प्रत्येक सांध्यातली चूक शेपटीवर जाऊन साचते. विमान उडतं एलिव्हेटरच्या कोनावर. स्टिक हा त्या कोनाचा मुठीत आलेला भाग आहे.

एलिव्हेटर सरळ आहे म्हणजे नक्की काय, हे तुमच्या ड्रॉइंगमध्ये दिलेलं असतं. काही डिझाइनमध्ये एलिव्हेटरची कॉर्ड लाइन (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची सरळ रेषा) स्टॅबिलायझरच्या (एलिव्हेटरच्या पुढच्या स्थिर भागाच्या) कॉर्ड लाइनशी एका रेषेत आली की तो सरळ. काहींमध्ये काउंटरवेटच्या (एलिव्हेटर तोलणाऱ्या वजनाच्या) हाताची पुढची कड स्टॅबिलायझरच्या टोकाशी जुळवायला सांगतात. जी व्याख्या दिली आहे तीच धरा आणि एलिव्हेटर तिथे दोन सरळ लाकडी पट्ट्यांमध्ये पकडून क्लॅम्प करा. स्किनला क्लॅम्पचा व्रण पडू नये म्हणून मध्ये फेल्ट घाला. डावा आणि उजवा एलिव्हेटर वेगवेगळे असतील तर दोन्ही आपापल्या जागी सरळ पकडल्यावर त्यांचे हॉर्न (रॉड जोडायचे हात) बहुधा तंतोतंत समोरासमोर येत नाहीत, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक दिसतो. वेल्ड केलेल्या हॉर्नच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. हॉर्न जुळावेत म्हणून एलिव्हेटर पिळू नका. दोन्ही सरळ पकडलेले असतानाच रॉडच्या बोल्टचं भोक दोन्ही हॉर्नमधून एका रेषेत पाडायचं असतं. ते भोक आधीच पाडलेलं असेल आणि एक एलिव्हेटर दुसऱ्यापेक्षा अर्धा-पाऊण अंश वर राहत असेल, तर भोक ओढून मोठं करण्याआधी डिझायनरला विचारा.

आता डिजिटल अँगल गेज. गेज एलिव्हेटरच्या वरच्या स्किनवर ठेवला की तो स्किनचा उतार दाखवतो, कॉर्डचा नाही. म्हणून एलिव्हेटर सरळ क्लॅम्प केलेला असताना गेज तिथेच शून्य करा आणि पुढे फक्त फरक वाचा. गेज हिंज लाइनला (बिजागरीच्या रेषेला) काटकोनात ठेवा. हिंज लाइन तिरकी असलेल्या शेपटीवर गेज विमानाच्या लांबीच्या दिशेने ठेवला तर कोन खऱ्यापेक्षा कमी दिसतो. दुसरी गोष्ट, कॉकपिटमध्ये माणूस चढला की टायर आणि गिअर दबतात आणि अख्खं विमान थोडं कलतं. मी दुसरा गेज स्टॅबिलायझरवर ठेवतो आणि प्रत्येक वाचनातून त्याचा बदल वजा करतो. दुसरा गेज नसेल तर माणूस आधी आत बसवा, मग शून्य करा, आणि मोजणी संपेपर्यंत त्याला खाली उतरू देऊ नका.

अनेक दोन आसनी होमबिल्टमध्ये वर २५ ते ३० आणि खाली २० ते २५ अंश असे आकडे असतात. तुमचे आकडे तुमच्या ड्रॉइंगमधलेच. हे कोन का ठरतात ते समजून घेतलं की त्यातले सहा अंश सोडून द्यावेसे वाटत नाहीत. वरचा कोन लागतो तो मुख्यतः सीजी (गुरुत्वमध्य) पुढच्या मर्यादेवर, फ्लॅप पूर्ण खाली आणि विमान जमिनीलगत फ्लेअर करत (टेकण्याआधी नाक वर उचलत) असताना. जमिनीजवळ पंखाचा डाउनवॉश (पंखामागे खाली वळणारी हवा) कमी होतो, त्यामुळे शेपटीवरचा खाली दाबणारा जोर घटतो आणि नाक वर ठेवायला जास्त एलिव्हेटर लागतो. सोबतीला कोणी नाही, सामान नाही, इंधन पुढच्या टाकीत आहे, अशा साध्या दिवशीच ही वेळ येते. खालचा कोन लागतो सीजी मागे असताना स्टॉलमधून बाहेर यायला, किंवा ट्रिम नाक-वर असताना पूर्ण पॉवर देऊन गो-अराउंड करताना (उतरणं सोडून पुन्हा वर जाताना).

खालचा कोन कमी पडला की काय होतं याचं उदाहरण सर्वांना माहीत असायला हवं. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावरून निघालेलं एअर मिडवेस्टचं बीच १९००डी उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि आतले २१ जण गेले. त्याआधीच्या मेंटेनन्समध्ये एलिव्हेटरच्या केबलचे टर्नबकल (केबलची लांबी बदलणारे आटेदार जोड) चुकीचे लावले गेले होते आणि रिगिंगच्या काही पायऱ्या गाळल्या गेल्या होत्या. त्यामुळे एलिव्हेटर खाली जाण्याची मर्यादा बरीच घटली. मेंटेनन्सनंतरची काही उड्डाणं सुखरूप झाली होती. त्या दिवशी मात्र वजन जास्त होतं, सीजी मर्यादेच्या मागे गेला होता आणि नाक खाली आणायला लागणारा कोन शिल्लकच नव्हता. गमावलेला कोन रोजच्या उड्डाणात जाणवत नाही. तुमच्या विमानात २२ अंशांवर टेस्ट फ्लाइटही नीट होईल, आणि म्हणूनच स्टॉप हलवण्याचा मोह धोक्याचा आहे.

स्टॉप कुठे असावा? एलिव्हेटरच्या हॉर्नपाशी किंवा त्याच्या शक्य तितक्या जवळ. उभ्या विमानावर मागून जोराचा वारा आला की एलिव्हेटर आपटतो. स्टॉप शेपटीत असेल तर तो धक्का तिथेच जिरतो. स्टॉप स्टिकपाशी असेल तर तोच धक्का सगळे रॉड, बेलक्रँक आणि ब्रॅकेट यांच्यातून पुढे येतो. शिवाय शेपटीतला स्टॉप एकदा बसला की पुढच्या सांध्यांच्या झिजेने किंवा रॉडच्या लांबीतल्या बदलाने त्याचा कोन बदलत नाही.

स्टॉप बसला की आतल्या माणसाला स्टिक पूर्ण मागे ओढून धरायला सांगा आणि स्टिक व सीट यांच्यात किती जागा उरते ते पाहा. मग एलिव्हेटर स्टॉपवर असतानाच त्याला आणखी जोर लावू द्या. स्टिक अजून थोडी मागे येईल, कारण रॉड, ब्रॅकेट आणि टॉर्क ट्यूब लवचीक असतात. जोर लावूनही स्टिक सीटला टेकता कामा नये. नंतर उलट करा. शेपटीपाशी उभं राहून एलिव्हेटर सरळ स्थितीत हाताने घट्ट धरा, पकड हॉर्नजवळच्या रिबवर ठेवा, ट्रेलिंग एजवर (मागच्या कडेवर) नको. आत स्टिक पुढे-मागे दाबू द्या. स्टिक किती हलते ते टेपने मोजा आणि तेवढ्यात टॉर्च घेऊन बेलक्रँकचा ब्रॅकेट बघा. बल्कहेडचा (फ्यूजलाजमधल्या आडव्या भिंतीचा) पत्रा फुगतो-दबतो का, बोल्ट भोकात सरकतो का, हे याच वेळी दिसतं. मऊ वाटणाऱ्या कंट्रोलचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आता रॉड. मागचा रॉड बेलक्रँकची जागा ठरवतो आणि पुढचा रॉड स्टिकची. एलिव्हेटर सरळ क्लॅम्प केलेला असताना मागच्या रॉडने बेलक्रँक ड्रॉइंगमधल्या न्यूट्रलवर आणा. बल्कहेडपासूनचं अंतर किंवा उभा कोन दिलेला असतो, तो पाळा. बेलक्रँक चुकीच्या जागी ठेवून पुढच्या रॉडने स्टिक सरळ करता येते, पण मग भूमिती बिघडते. रॉड आणि हॉर्नचा हात यांच्यातला कोन न्यूट्रलला ९० अंश असेल तर ३० अंश फिरल्यावर तो ६० होतो आणि परिणामकारक हात मूळच्या ८७ टक्के उरतो. तोच कोन सुरुवातीला ७० असेल तर ३० अंश फिरल्यावर ४० होतो आणि हात ६४ टक्क्यांवर येतो. त्या टोकाला रॉडवर जास्त जोर लागतो, स्टिक जड होते आणि रॉडच्या प्रत्येक मिलिमीटरला एलिव्हेटर जास्त फिरतो. हात आणि रॉड जवळजवळ एका रेषेत येऊ लागले तर कंट्रोल ओव्हर-सेंटर होऊन अडकू शकतो. पूर्ण वर आणि पूर्ण खाली या दोन्ही टोकांना प्रत्येक बेलक्रँक डोळ्याने पाहा.

रॉड एंड (रॉडच्या टोकाचा आटेदार सांधा) किती फिरवला की काय बदलतं याचा अंदाज हवा. १०-३२ आट्याचा रॉड एंड एका फेऱ्यात ०.८ मिमी सरकतो. हॉर्नचा हात ६० मिमीचा असेल तर हे जवळजवळ पाऊण अंश झालं. म्हणजे मागच्या रॉडला अर्धा फेरासुद्धा गेजवर दिसायला हवा.

तुमच्या विमानाचा हिशेब असा मांडू. समजा मूठ पिव्हटपासून ५०० मिमी वर आहे, पुढचा रॉड पिव्हटखाली ७५ मिमीवर जोडला आहे, आणि एलिव्हेटरच्या ५० अंशांसाठी मूठ २५ सेंमी फिरते. ५० अंश म्हणजे ०.८७ रेडियन, म्हणून गिअरिंग दर मीटरला ३.५ रेडियन. तुमचे कमी पडणारे ६ अंश म्हणजे ०.१०५ रेडियन, मुठीपाशी ३ सेंमी. स्टिक तेवढी पुढे घ्यायची तर तिच्या खालच्या टोकाला ४.५ मिमी मागे सरकायला हवं. रॉड पिव्हटच्या खाली जोडलेला असल्यामुळे तो ४.५ मिमीने आखूड करायचा. तुमच्याकडे रॉड पिव्हटच्या वर जोडलेला असेल तर उलट, लांब करायचा. ०.८ मिमीच्या हिशेबाने हे साडेपाच ते सहा फेरे होतात. वर सांगितलेली मोकळी जागा हवी म्हणून त्यात आणखी एखादा फेरा धरा. तुमच्या प्रत्यक्ष मापांनी हा हिशेब पुन्हा करा. पॅनेलकडे जागा आहे असं तुम्ही लिहिलंय, तरी स्टिक पूर्ण पुढे असताना मूठ, बोटं आणि रेडिओचं बटण पॅनेलला लागत नाहीत ना, हे खात्रीने पाहा.

हे फेरे एकाच टोकाला घेऊ नका. दोन्ही टोकांना अर्धे-अर्धे वाटा. आखूड करताना आटे आत जातात, म्हणून पकड वाढते. पण रॉड एंड आत पूर्ण टेकून बसला तर जॅम नट (आटा जागी आवळून ठेवणारा नट) घट्ट होत असूनही समायोजनाला जागा उरत नाही. लांब करताना धोका उलटा असतो, आटे कमी पडतात. रॉडवर तपासणीचं भोक असेल तर त्यात बारीक तार घाला. तार आरपार गेली तर रॉड एंड पुरेसा आत नाही. फेरे पुरत नसतील तर योग्य लांबीचा नवा रॉड बनवा. बाहेर ओढलेल्या रॉड एंडवर भागवू नका.

जॅम नट घट्ट करताना दोन्ही टोकांचे रॉड एंड एकमेकांशी सरळ असावेत. तपासायची रीत सोपी आहे. स्टिक पूर्ण मागे, मधोमध आणि पूर्ण पुढे अशा तिन्ही स्थितींत रॉड हाताने त्याच्या लांबीभोवती थोडा गोल फिरवून पाहा. प्रत्येक ठिकाणी तो काही अंश मोकळा हलला पाहिजे. एखाद्या टोकाला तो ताठ झाला तर रॉड एंडची कड हॉर्नला टेकते आहे, आणि तिथून रॉड एंडची मान वाकायला लागते. स्टिक आडवी पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे नेऊन हीच तपासणी पुन्हा करा, कारण एलरॉन दिलेला असताना पुढच्या रॉड एंडला दोन्ही दिशांनी कलावं लागतं.

बोल्ट जिथे स्वतः फिरतो तिथे कॅसल नट (खाचांचा नट) आणि त्याला फिरू न देणारी कॉटर पिन लागतेच. रॉड एंडचा गोळा बोल्टने आवळला जातो आणि बोल्ट फिरत नाही, तिथे ड्रॉइंगमध्ये सेल्फ-लॉकिंग नट असेल तर तो चालतो. रॉड एंड एकाच बाजूने पकडलेला असेल तर बाहेरून मोठा वॉशर घाला. बेअरिंग झिजून गोळा बाहेर आला तरी तो वॉशर रॉड सुटू देत नाही. १६ फेब्रुवारी २००० रोजी सॅक्रामेंटोजवळ एमरी वर्ल्डवाइडचं डीसी-८ मालवाहू विमान पडलं आणि आतले तिघेही कर्मचारी गेले. उजव्या एलिव्हेटरच्या कंट्रोल टॅबचा पुशरॉड सुटला होता, कारण त्याचा बोल्ट नीट सुरक्षित केलेला नव्हता. एवढ्या मोठ्या विमानाचा जीव एका बोल्टवर होता. घट्ट केलेल्या प्रत्येक नटवर रंगाची रेघ ओढा. रेघ नसलेला नट म्हणजे अजून घट्ट न केलेला नट, हा नियम शेवटपर्यंत पाळा.

आता स्टिकच्या जागेबद्दल. एलिव्हेटर सरळ असताना स्टिक उभी किंवा किंचित पुढे असणं सोयीचं असतं, पण दिसण्यापेक्षा टोकं महत्त्वाची. तयार गादी घालून, बेल्ट आवळून, जाड जॅकेट घालून बसा. स्टिक पूर्ण मागे ओढा आणि तशीच पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या. मांडी, पोट, बेल्टचं बकल, यांपैकी कशालाही स्टिक लागता कामा नये. मग बेल्ट आवळलेला असतानाच पूर्ण पुढे हात पुरतो का पाहा. शेजारच्या सीटवर तुमच्यापेक्षा जाड माणूस बसवून त्याच्या बाजूची स्टिकही तपासा. रिकाम्या उघड्या सीटवर केलेली ही तपासणी गादी आली की निरर्थक होते.

इतकं करूनही जागा पुरत नसेल तर स्टिक वाकवा किंवा सीटची कड बदला. पिव्हटच्या वर दांड्याला पुढे बाक दिला की मूठ आणि दांडा सरकतात, गिअरिंग जवळजवळ तेच राहतं. नवी नळी थंडच वाकवा, आणि वेल्डजवळ बाक घेऊ नका. स्टिक आखूड करण्याचा परिणाम वेगळा होतो. ५०० मिमीची ४०० केली की मुठीचा प्रवास २५ वरून २० सेंमी होतो आणि जोर चतुर्थांशाने वाढतो. हिंजवर १० न्यूटन-मीटर असताना मुठीला आधी ३५ न्यूटन लागत होते, ते ४४ होतात. हाताच्या सेंटीमीटरमागे एलिव्हेटर जास्त फिरतो, म्हणून सीजी मागे असताना विमान जास्त चुळबुळं वाटतं.

केबलच्या विमानांबद्दल थोडक्यात. न्यूट्रल सरकवायचा असेल तर एक टर्नबकल जितका आवळाल तितकाच समोरचा सैल करा, म्हणजे ताण तोच राहतो. ताण टेन्सिओमीटरने, ड्रॉइंगमध्ये दिलेल्या तापमानाप्रमाणे ठेवा. अॅल्युमिनियमचं फ्यूजलाज स्टीलच्या केबलपेक्षा जास्त प्रसरण पावतं. ५ मीटर लांबीला ३० अंश सेल्सियसच्या फरकाने दीड मिलिमीटरहून जास्त तफावत पडते. त्यामुळे उन्हात केबल ताठ होते आणि थंडीत सैल. टर्नबकलच्या बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसू नयेत, ही एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामकाच्या) एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेतली मर्यादा आहे. सेफ्टी वायर झाली की प्रत्येक पुलीची गार्ड पिन जागेवर आहे का पाहा.

सगळं जोडल्यावर एलिव्हेटर पूर्ण वर नेऊन रडर दोन्ही टोकांना फिरवा. शेपटीच्या लाइटची वायर, ट्रिमची केबल आणि रडर यांची गाठ इथेच पडते. बेलक्रँकच्या खालचा कोनाडा व्हॅक्यूमने साफ करा, पडलेले रिवेट आणि वॉशर नेमके तिथे जाऊन बसतात. क्लॅम्प काढल्यावर स्टिक आपोआप पुढे पडते म्हणून घाबरू नका. बऱ्याच डिझाइनमध्ये एलिव्हेटर थोडा ट्रेलिंग-एज-जड ठेवलेला असतो. त्याला स्प्रिंग लावण्याचा विचार सोडा. रंग झाल्यावर मात्र बॅलन्स पुन्हा मोजाच.

शेवटी दुसऱ्या जाणकार माणसाला बोलवा, आणि त्याला तुमचे आकडे आधी सांगू नका. त्याला गेज देऊन स्वतः मोजू द्या. स्टिक मागे गेली की ट्रेलिंग एज वर जाते, हे त्याने शेपटीपाशी उभं राहून मोठ्याने म्हणावं. मिळालेले कोन, रॉडची भोकापासून भोकापर्यंतची लांबी आणि मुठीचं सीटपासूनचं अंतर लॉगबुकात लिहा. पुढे कधी रॉड काढावा लागला तर ही नोंद कामाला येते.

पहिल्या काही उड्डाणांनंतर क्रूझमध्ये स्टिक पुढे किंवा मागे राहते असं वाटेल. तेव्हा पुन्हा रॉडकडे धावू नका. पुढचा रॉड फिरवून मुठीची जागा बदलते, एलिव्हेटरचा कोन नाही. सरळ उड्डाणात मागे वळून काउंटरवेटचा हात स्टॅबिलायझरच्या टोकाशी कुठे राहतो ते पाहा, शक्य असेल तर सोबतच्या माणसाला फोटो काढू द्या, आणि त्या वेळचा सीजी व वेग लिहून ठेवा. एलिव्हेटर सरळच असेल आणि फक्त हात अवघडत असेल तर पुढच्या रॉडचा एखादा फेरा देऊन वरच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करा. एलिव्हेटरच सरळ नसेल तर प्रश्न सीजीचा किंवा स्टॅबिलायझरच्या इन्सिडन्सचा (तो बसवलेल्या कोनाचा) आहे. मग वजन-काट्याची नोंद आणि इन्सिडन्सचं माप घेऊन डिझायनरशी बोला.